त्यांनाच विचारा

समुपदेशकांच्या खोलीतून विभावरी डोळे पुसत बाहेर आली, तेव्हा शशिकांतराव मांडीवर तिची फाईल उघडून बसले होते. "रिपोर्ट?" त्यांनी हात पुढे केला.

"याचा रिपोर्ट नसतो."

ते उठले आणि दारात उभ्या असलेल्या समुपदेशकबाईंना म्हणाले, "मॅडम, तासभर काय बोलत होती ही? अहो, नवरा आहे मी. हिच्या थायरॉइडपासून दाढेपर्यंतचे सगळे कागद माझ्याकडे आहेत."

"त्या इथे जे बोलतात, ते त्यांच्या परवानगीशिवाय मी कुणालाही सांगत नाही," बाई शांतपणे म्हणाल्या. "तुम्ही त्यांनाच विचारा."

"हिला काय विचारायचं?" शशिकांतराव मोठ्यांदा हसले.

विभावरीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तिला काय होतंय, हे बावीस वर्षं प्रत्येक डॉक्टरला शशिकांतरावच सांगत आले होते आणि ती शेजारच्या खुर्चीवर बसून मान डोलवत आली होती. आज आत पहिल्यांदाच प्रश्न थेट तिला विचारला गेला, तर तोंडातून शब्द फुटायला दहा मिनिटं लागली. बाई तेवढा वेळ थांबल्या होत्या. मघाशी तिला त्या दहा मिनिटांची लाज वाटली होती. आता चीड आली.

"पुढच्या बुधवारी मी एकटी येईन," ती म्हणाली.

"एकटी? आणि आई विचारेल, सुनेला झालंय तरी काय? काय सांगू तिला?"

"सांगा, 'मला ठाऊक नाही. मी तिला कधी विचारलंच नाही.'"