हिरव्या दारावरून चौकाकडे

कुणाचा विश्वास बसणार नाही, पण ब्रसेल्समध्ये मी सांगितलेल्या वाटेनं गेलेला एकही प्रवासी आजवर चुकलेला नाही. परवा पाठीवर भलीमोठी पिशवी लावलेल्या एका पोरीनं फ्रेंचमध्ये विचारलं, "आजोबा, मोठा चौक कुठे हो?"

"हा चढ चढून जा. हिरव्या दाराची बेल वाजव आणि तिथल्या बाईंना पुन्हा विचार. त्याशिवाय चौक सापडतच नाही. आणि हो, त्या कुठल्या भाषेत बोलल्या, तेवढं मला येऊन सांग."

त्या हिरव्या दारामागची बाई म्हणजे माझी बायको गोदलीव्ह, मूळची फ्लेमिश बोलणारी. माझ्यासाठी फ्रेंच शिकली होती. भांडून घर सोडलं तेव्हा म्हणाली, "आता फ्रेंचचा एक शब्द तोंडातून काढणार नाही." तेव्हापासून मी पाठवलेला जो तो परत येऊन एकच सांगतो, फ्लेमिश.

पोरगी धापा टाकत परतली.

"काय गं, कुठल्या भाषेत बोलली?"

"चक्क फ्रेंचमध्ये! म्हणाल्या, चौक त्या थापाड्याच्या पाठीमागेच आहे. त्याला म्हणावं, लोकांचे पाय किती दमवशील? आता स्वतः चढून ये."