अडकलेले किती?

तिसऱ्या प्रश्नाशी धाकटीचं पेन थांबलं. ‘हरलेलं परत मिळवायला पुन्हा खेळलात का?’ हो की नाही, एवढीच खूण करायची होती. नाव लिहायचं नव्हतं.

तिला हसूच आलं. ती आत्ता, या बाकावर बसून, तेच तर करत होती.

त्याचं असं झालं. तरुण मुलांत जुगाराचं व्यसन किती, हे मोजायला एक बाई कॉलेजात आल्या होत्या. नऊ प्रश्नांचा फॉर्म. चार किंवा जास्त ‘हो’ आले की तो विद्यार्थी ‘अडकलेला’. हे त्यांनी काल वर्गात समजावलं आणि सुट्टी होते न होते तोच शेठने त्यावरच पैज उघडली. वर्गात अडकलेले किती? शेठ म्हणजे मागच्या बाकावरचा पोरगा. मॅच, परीक्षेचा निकाल, सरांची शिंक, वाट्टेल त्यावर पैजा घ्यायचा. आकडा बरोबर आला तर आधी हरलेली वस्तू परत. चुकला तर ती कायमची शेठची.

धाकटीने दादाची सायकल गेल्या आठवड्यात अशीच घालवली होती. कुलपाची किल्ली शेठच्या खिशात होती. ती ‘शून्य’ म्हणाली. जवळजवळ सगळा वर्गच शून्य म्हणाला. दोघे-तिघे उगाच शहाणे ‘एक’ म्हणाले. खरं लिहायला कोण वेडं आहे? तिनेही नऊ वेळा ‘नाही’ करायचं, की सायकल घरी.

चौथा प्रश्न होता, ‘घरच्यांशी खोटं बोललात का?’

दादा आठवडाभर छापखान्यात पायी जात होता. सायकल पंक्चर काढायला टाकलीय, असं तिने सांगितलं होतं. “पंक्चर काढतायत की सायकलचं बाळंतपण करतायत?” एवढंच म्हणून तो चपला घालून निघाला होता. शंकासुद्धा घेतली नव्हती बापड्याने. धाकटीला अगदी रडू येईल इतकी लाज वाटली.

तिने तिसऱ्याला ‘हो’ केलं. चौथ्यालाही. मग हात थांबेचना, सहा झाले. गेली सायकल. संध्याकाळी दादाला सगळं सांगून टाकायचं, मग त्याला काय करायचं ते करू दे.

“बाई, आत्ताच मोजा ना!” फॉर्म गोळा झाल्याबरोबर वर्ग ओरडला. पोरांची ही आस्था बघून बाई हरखल्या. तिथेच टेबलावर मोजायला बसल्या. मोजता मोजता त्यांचा चेहरा उतरत गेला. धाकटी मान खाली घालून ‘एक’ ऐकायची वाट बघत होती.

“अकरा,” बाई म्हणाल्या.

कुणी हसलं नाही. जो तो शेजाऱ्याकडे चोरून बघू लागला. अकरा कुणीच म्हटलं नव्हतं. म्हणजे नियमाने सगळं शेठचं.

शेठ उठला. पुढे जाताना त्याने किल्ली धाकटीच्या बाकावर ठेवली.

“बाई, बारा करा,” तो म्हणाला. “मी खोटं लिहिलंय.”