सगळ्यांना गुण

“हात पूर्ण वर होतो का, मावशी?” डॉक्टरांकडून पाहणीला आलेल्या सुकन्यानं फॉर्मवर पेन टेकवत विचारलं.

“व्हतो की.” रंगुबाईनं उजवा हात डोक्यावर नेला, पदर सारखा केला आणि खाली आणला. तिच्या कपाळावर घाम आला होता. काष्टीजवळच्या त्या उसाच्या फडात ऊनही तसंच होतं, त्यामुळे सुकन्याला त्यात वावगं वाटलं नाही.

“काल मोळ्या किती बांधल्या?”

“पन्नास.”

बांधल्या होत्या पंधरा. उरलेल्या मोळ्या तिच्या नवऱ्यानं, हनुमंतानं, मुकाट बांधल्या होत्या. टोळीत असंच चालतं. एकाचं अंग मोडलं तर दुसरा ओढतो आणि चारचौघांत त्याची वाच्यता करत नाही.

सांधेवाताचं हे नवं औषध गुणकारी आहे, याबद्दल डॉक्टरांना शंका नव्हती. ते भयंकर महाग होतं, एवढीच अडचण. सरकारनं ते फुकट द्यायचं, तर ते घेऊन बाई किती जास्त काम करते याचा पुरावा हवा होता. म्हणून ऊसतोडीच्या चाळीस बाया निवडल्या आणि हंगामभर गोळ्यांच्या डब्या द्यायचं ठरलं. माणसाच्या दुखण्याचा भाव मोळ्यांत काढायचं ज्याला सुचलं, त्याचे स्वतःचे सांधे धडधाकट असणार.

त्या चाळीसजणींत रंगुबाई होती, तिची लेक आरतीही होती. डब्यांवर नंबर होते. एकमेकींच्या डब्या बदलायच्या नाहीत, असं सुकन्यानं बजावलं होतं. अंगठे घेण्याआधी तिनं तीन पानी कागदही वाचून दाखवला. रंगुबाईचं सगळं ध्यान लेकीच्या वाकड्या बोटांकडं होतं. विसाव्या वर्षी त्या पोरीला कंगवा धरता येत नव्हता.

तिसऱ्या महिन्यात आरतीनं स्वतःची वेणी घातली. मग आईचीही घातली. रंगुबाई ढसाढसा रडली.

तिला स्वतःला काडीचा फरक नव्हता. आपली हाडंच जुनी, असं ती धरून चालली. पण हे बोललो तर औषध बाद होईल आणि लेकीची बोटं पुन्हा आखडतील, या धास्तीनं तिला घास गोड लागेना. बाजारच्या दिवशी डब्या घ्यायला बाया जमल्या, की ती एकेकीला गाठायची.

“ताई इचारतील तवा कुनी रडगानं गायचं न्हाई. लई बरं वाटतंय म्हनायचं, मोळ्या बी पन्नासच सांगायच्या. एकीनं जरी न्हाई म्हनलं, तर समद्यांचं बंद व्हईल.”

बायांनी शब्द पाळला.

हंगाम सरत आला. सुकन्या रंगुबाईच्या पाचटाच्या कोपीवर आली ती रिकाम्या हातानं.

“औषध बंद झालं, मावशी. फायदा दिसत नाही, असा अहवाल गेलाय.”

“आवं ताई, पर आमी समद्यांनी बरं हाय म्हनूनच सांगितलं हुतं!”

“तेच झालं ना. त्या कागदात होतं, वाचून दाखवलं होतं मी. निम्म्या डब्यांत औषध, निम्म्या डब्यांत नुसत्या पिठाच्या गोळ्या, तुलना करायला. पिठाच्या गोळ्या खाणाऱ्याही तेवढ्याच मोळ्या बांधतात म्हटल्यावर सरकार महागाचं औषध कशाला घेईल?”

कोपीच्या दारात आरती केस विंचरत बसली होती. रंगुबाईनं तिच्या बोटांकडं पाहिलं.

“पीठ कुनाकुनाच्या डबीत हुतं?”

सुकन्यानं यादी उघडली. पहिल्याच नंबरावर तिचं बोट थांबलं.

“तुमच्या.”