पहिला मान थोरल्याचा

उपकेंद्राच्या भिंतीवर पाटी होती: 'वीज ही सार्वजनिक सेवा आहे. सर्व ग्राहक समान.' त्याच पाटीखाली बसून ऑपरेटर रोज थोरल्या भावाच्या भागाची वीज सगळ्यात आधी घालवायचा. टंचाईमुळे सहाही भागांना दिवसातून एकेक तास वीज बंद ठेवावी लागे. सुरुवात कुठून करायची, ते मात्र त्याच्या हातात होतं. आई त्याला सोडून थोरल्याकडे राहायला गेली, हे त्याला दोन वर्षं सलत होतं. सकाळी आठला ड्यूटीवर आला की चहाच्याही आधी तो त्या भागाचा स्विच पाडायचा. बसा म्हणावं घाम पुसत! आईलाही उकडत असेल, हे त्याला कळायचं. पण तिला कुणी सांगितलं होतं तिकडे जायला?

एके दिवशी वरून निरोप आला, आज वीज पुरेशी आहे, कुणाचीच बंद करू नका. त्याचा दिवसच नासला. नऊच्या सुमारास थोरल्याचा फोन आला. दोन वर्षांत पहिल्यांदाच.

"बरा आहेस ना तू?"

"का? मला काय धाड भरलीय?"

"आज लाइट गेली नाही, म्हणून आईनं जीव खाल्लाय माझा. रोज पंखा थांबला की म्हणते, 'पोचला माझा धाकटा कामावर,' आणि मगच चहाला तोंड लावते. दोन वर्षं तिच्या उशाशी मी बसतोय रे. आणि ती वाट बघते पंखा थांबायची."