धड एकाचं, चेहरा दुसऱ्याचा

“हा किमोनो तुमच्या यजमानांचा नाही, आजी.” विभाने माऊसवरचा हात काढून घेतला.

चिबा आजींनी स्क्रीनवरची नजर खाली वळवली.

विभा जपानमधल्या सेंदाईच्या विद्यापीठात युरोपातल्या जुन्या कोरीव चित्रांवर पीएच.डी. करत होती. चित्रांत सगळे सरदार-दरकदार. अंगात चिलखत, मागे मखमली पडदा, खाली घराण्याचं चिन्ह. सरदार बदलला की कारागीर तांब्याच्या पत्र्यावरचा चेहरा तेवढा घासून काढायचे आणि नवा कोरायचे. रुबाब आयता! या लबाडीवर विभा तावातावाने बोलायची. सुट्टीच्या दिवशी मात्र ती त्सुनामीत भिजलेले फोटो धुवायला किनाऱ्याजवळच्या या शाळेच्या हॉलमध्ये यायची.

आजींनी दोन फोटो आणले होते. एकात त्यांचा नवरा, गंजिफ्रॉकवर जाळं ओढताना हसणारा. दुसऱ्यात काळा समारंभी किमोनो, पण चेहरा पाण्याने पुसलेला. उद्या वर्षश्राद्ध होतं आणि घरातल्या पितरांच्या देव्हाऱ्यात ठेवायला धड फोटो नव्हता. इथले फोटोवाले असे चेहरे सर्रास जोडून देतात, म्हणून विभानेही जोडला. मग तिला किमोनोच्या छातीवरचं घराण्याचं चिन्ह दिसलं. आजींनी फोटो ज्या कापडात बांधून आणले होते, त्यावरचं त्यांच्या घराण्याचं चिन्ह वेगळंच होतं.

“हे ज्या बोटीवर कामाला होते, तिच्या मालकांचा आहे,” आजी पुटपुटल्या. “यांनी जन्मभर त्यांच्यापुढे मान खाली घातली. लाट आली त्या दिवशी त्यांनाच आणायला मागे पळाले. दोघंही गेले. आता तरी ताठ बसलेले दिसू देत.”

विभाला गलबलून आलं. पण दुसऱ्या घरच्या माणसाचं धड असं परस्पर कसं द्यायचं?

शेजारच्या टेबलावर फोटो चाळणारा एक माणूस उठून जवळ आला. आजींचा चेहरा पांढराफटक पडला.

“धाकटे मालक!” त्या कमरेत वाकल्या, त्या वर बघेचनात.

त्याने सगळं ऐकलं होतं. स्क्रीनवर त्याच्या वडिलांचा किमोनो होता, त्याच्या घराण्याचं चिन्ह होतं आणि वर खलाशाचा हसरा चेहरा. विभाने घाईघाईने फाइल बंद करायला हात पुढे केला.

“थांबा.”

तो स्क्रीनजवळ वाकला.

“बाबा अंगाने जाड होते,” तो म्हणाला. “किमोनो यांना खांद्यात सैल होतोय. यांच्या मापाचा करून द्या.”