बारा कॉम्प्युटर आणि एक सुयुन्चू

बाराही स्क्रीन एकदम उजळल्या आणि आमच्या किर्गिझ गावातली अख्खी शाळा ओरडली. मुलं बाकांवर चढली. सीमेपलीकडे चीनमधल्या काश्गरहून हे कॉम्प्युटर आणणाऱ्या सागीनने तर टोपीच हवेत उडवली. मग स्क्रीनवर अक्षरं उमटली. सगळी चिनी.

"थांबा, बदलतील आत्ता," सागीन म्हणाला. काही बदललं नाही.

हेडमास्तर झापार यांचं तोंड बघण्यासारखं झालं. त्याला कारण होतं. परवा सागीनने सीमेवरूनच फोन करून आधी "सुयुन्चू" म्हटलं होतं. आमच्याकडे आनंदाची बातमी आणणारा आधी हा शब्द उच्चारतो, ऐकणाऱ्याने बक्षीस कबूल केलं की मगच बातमी सांगतो. कबूल केलेलं मागे घ्यायचं नसतं, मग तो हेडमास्तर का असेना. झापारांनी चांदीच्या कड्यांचं आपलं लाडकं खोगीर देऊन टाकलं होतं. आणि पदरात काय पडलं, तर ही न वाचता येणारी चित्रं.

कॉम्प्युटर बसवायला नारिन शहराच्या बाजारातला एल्दार आला होता. त्याने अंदाजाने इकडे तिकडे दाबून पाहिलं. एक चौकट आली, ती त्याने बंद केली. पुन्हा आली, पुन्हा बंद केली. "बघा, नाहीच म्हणतंय," असं म्हणून त्याने खडू उचलला आणि फळ्यावर तीन रकाने आखले.

"विंडोज एकच, पण तिच्या आवृत्त्या वेगळ्या. ही पहिली घरगुती, एका भाषेची. विकताना जी भाषा घातली, तीच जन्मभर. ही दुसरीसुद्धा घरगुतीच, पण हिच्यात भाषा बदलते. आणि ही तिसरी, प्रो. भाषा तर बदलतेच, वर मास्तरांना जागेवरून न उठता बाकीची मशीनं चालवता येतात. सागीनआबा, तुम्हाला स्वस्तात मिळाले ना?"

"घासाघीस केली मी चांगली दोन तास. दुकानदार म्हणाला, सगळ्यात भारी आहे."

"मग काय, सगळ्यात टुकार आहे म्हणणार होता?" एल्दारने पहिल्या रकान्याभोवती ठसठशीत गोल काढला. "ही आहे तुमची. एका भाषेची."

मागे हेडमास्तरांची सून तुर्सुनाय पाहुण्यांना चहा देत होती. ती सीमेपलीकडच्या अतुशची. तिथे ती चिनीतूनच कॉम्प्युटर शिकली होती, शिकवायचा दाखलाही घेऊन आली होती. शाळेत शिकवू द्या म्हणून चार वर्षांत तिने तीनदा विचारलं होतं. तेही सासूकडून, कारण सून सासऱ्यापुढे आवाज काढत नाही. तिन्ही वेळा उत्तर एकच आलं. मास्तर नारिनहून आणू, सून शाळेत गेली तर गाईंची धार कोण काढणार? तिला चिनी येतं हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. पण सुनेला काही विचारायचं असतं, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

समोरच्या स्क्रीनवर ती चौकट अजून तशीच होती. तुर्सुनायने ती वाचली, पुन्हा वाचली. चहा वाडग्याबाहेर वाहू लागला.

"अगं, लक्ष कुठंय तुझं?" सासू बुरमाकान पुटपुटली.

तुर्सुनाय तिच्या कानाशी वाकली आणि भराभर काहीतरी सांगू लागली. बुरमाकानने ऐकून घेतलं. मग तिच्या हातातली किटली काढून घेतली. "तीनदा गेले तुझ्यासाठी. चौथ्यांदा मी नाही जायची. तूच बोल."

"सागीन," हेडमास्तर तिकडे म्हणत होते, "उचल हे सगळं. सोमवारी परत काश्गर. आणि माझं खोगीर आणून दे."

"सुयुन्चू, आताके."

सगळ्या माना वळल्या. मामंजींना 'आताके' म्हणणारा हा आवाज झापारांनी आजवर भिंतीआडूनच ऐकला होता. त्यांनी बायकोकडे पाहिलं. बायको अगदी मन लावून चहा ओतत होती. तुर्सुनाय जागची हलली नाही. रीत म्हणजे रीत. ती काही सुनेला वेगळी नव्हती.

"कबूल," झापार म्हणाले. "मागशील ते दिलं. बोल."

"ही प्रो आहे. वर तसं लिहिलंय. आणि ते नाही म्हणत नाहीये. भाषा उतरवून घ्यायला इंटरनेट जोडा म्हणतंय. भाऊ दर वेळी रद्द दाबत होते."

एल्दारचे कान लाल झाले. मुलं खिदळली. त्याने निमूटपणे आपल्या फोनचं इंटरनेट जोडून दिलं. तुर्सुनाय बसली आणि तिची बोटं धावू लागली. मशीन बंद झालं, पुन्हा चालू झालं. सगळे एकमेकांच्या खांद्यावरून वाकले. पहिल्या बाकावरच्या मुलीने मोठ्याने वाचलं, "या, स्वागत आहे." किर्गिझमध्ये. आपल्या भाषेत. मग जो गलका उठला, तो पार नदीपलीकडे गेला असेल. काही शब्द रशियनमध्ये आले होते, पण रशियन तर गावात सगळ्यांनाच येतं, त्याची फिकीर कुणाला.

"दोन तास घासाघीस करून प्रो आणली मी," सागीन ज्याला त्याला सांगत सुटला. "खोगीर आता माझंच."

हेडमास्तर सुनेपुढे आले. आनंद लपवणं त्यांना जमत नव्हतं. "माग. शाल घेतेस की कानातले?"

"या खोलीची किल्ली," तुर्सुनाय म्हणाली. "सोमवारपासून."

 झापारांनी खिशातून जुडगा काढला, त्यातली एक किल्ली सोडवली आणि तिच्या तळहातावर ठेवली.

"मग आज संध्याकाळी," ते म्हणाले, "धार कशी काढतात ते मला शिकव."