कळशीच्या मापाचा नळ

“नळ घ्यायला जाशील तेव्हा कळशी बरोबर ने,” सासूबाई सांगत. “तोटीखाली ती सरळ उभी राहिली, तरच घे.”

काल मी कळशी पिशवीत घातली, तर हे म्हणाले, “शोरूममध्ये कळशी? लोक हसतील!” आणि एकटेच जाऊन स्वयंपाकघरातल्या सिंकसाठी सोनेरी नळ घेऊन आले; लगेच बसवूनही टाकला. हात पुढे केला की पाणी सोडतो म्हणे.

आज आंघोळ करून पाहते, तर कळशी नळाखाली शिरेचना.

“अगं, पेल्याने भर.”

“महादेवाच्या अभिषेकाचं पाणी दुसऱ्या भांड्यातून ओतलेलं चालत नाही. आईंना अभिषेक करताना जन्मभर पाहिलंत ना?”

“पण रुबाब बघ त्याचा!”

“बघतेय. मान आखूड, कामाला शून्य, आणि हात पसरल्याशिवाय थेंब देत नाही,” मी हळूच म्हटलं. “हॉलमधल्या शोकेसात ठेवा, पाहुण्यांना दाखवायला.”

अभिषेक एक दिवसही चुकवणार नाही, असा शब्द मी सासूबाईंना त्यांच्या शेवटच्या आजारपणात दिला होता.

हे फडक्याने नळ पुसत राहिले. बाथरूमच्या नळाचं पाणी देवाला चालत नाही; मी कळशी कडेवर घेतली आणि अनवाणीच जिना उतरून सोसायटीच्या बागेतल्या नळाकडे निघाले.